'गेट'च्या पुढचा शब्द वाचा

"ताई, मी सत्तेचाळीस वर्षांची. परळच्या मराठी शाळेत शिकले, बी.कॉम. केलं, लग्नाआधी एका पतपेढीत होते. मुली मोठ्या झाल्यावर गेल्या वर्षी लोअर परळच्या एका निर्यात कंपनीत अकाउंट्सच्या कामाला लागले. काम मला येतं. अडतं ते इंग्रजीपाशी, आणि त्यातही एकाच शब्दापाशी. पाचवीत बाईंनी सांगितलं होतं, गेट म्हणजे मिळणे. साहेबांनी एक कागद हातात देऊन म्हटलं, 'कॅन यू गेट धिस साइन्ड?' मी त्यावर माझी सही करून परत दिला. मग एकदा एक नोंद समजावून सांगितल्यावर त्यांनी विचारलं, 'गॉट इट?' मी म्हटलं, 'नो सर, मला अजून काहीच मिळालं नाही.' सगळे हसायला लागले. मेलमध्ये 'प्लीज गेट बॅक टु मी' आलं तेव्हा मी केबिनबाहेर जाऊन उभी राहिले. मुलीला विचारावं तर तिचा फोन लागेना. घरी जाऊन शब्दकोश उघडला, तर गेटचे अर्थ संपता संपेनात. हे सगळं पाठ करायला किती वेळ लागेल? या वयात जमेल का? ता.क. आमचे शिकागोचे ग्राहक मेलमध्ये 'गॉटन' लिहितात. मुलगी म्हणते, असा शब्दच नाही. खरं काय?"

ताई, तुम्ही नाव कळवलं नाहीत, तेव्हा मीही तुम्हाला ताईच म्हणते.

आधी वयाचं. तुमच्या पत्रावरून तुमचं इंग्रजी कच्चं आहे असं मला अजिबात वाटत नाही. 'साइन्ड' तुम्हाला कळलं, 'बॅक' कळलं, साहेबांनी समजावलेली नोंदही कळली असणार. अडलं ते फक्त 'गेट'. आपल्या पिढीला मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. पहिलीपासून ते २००० साली सुरू झालं. पाचवीच्या मुलांना शिकवायचं तर इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द लिहून देणं हीच रीत होती. बुक म्हणजे पुस्तक, वॉटर म्हणजे पाणी, गेट म्हणजे मिळणे. पुस्तक आणि पाणी यांचं त्यात भागतं, गेटचं भागत नाही. बाईंनी चुकीचं सांगितलं नव्हतं. त्यांनी पहिला अर्थ सांगितला, आणि पुढचे सांगायला नंतर कोणी भेटलं नाही, एवढंच झालं. म्हणून त्या हसण्याची लाज तुम्ही बाळगू नका. ते माझ्या मते हसणाऱ्यांना शोभलं नाही.

मी दादरच्या एका रात्रशाळेत इंग्रजी शिकवत असे. दिवसभर दुकानात, खानावळीत, कुरिअरच्या कामावर राबून आलेली मुलं समोर बसायची. गेट शिकवायची वेळ आली की मी फळ्यावर आधी एक मराठी शब्द लिहायचे: लागणे. तुमचं पत्र वाचतानाही मी पेन्सिल घेऊन त्याच शब्दाखाली रेघा मारत गेले. तुम्ही कामाला लागलात. सगळे हसायला लागले. मुलीचा फोन लागेना. पाठ करायला किती वेळ लागेल. एवढ्याशा पत्रात चार वेळा, आणि चारही वेळा अर्थ वेगळा. पहिल्यात नोकरी, दुसऱ्यात सुरुवात, तिसऱ्यात जोडलं जाणं, चौथ्यात खर्च होणं. लिहिताना तुम्ही एकदाही थबकला नसाल.

अजून बघा. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, उन्हाळा लागतो, वेड लागतं. दहावीचा निकाल लागतो आणि म्हाडाच्या सोडतीत नंबर लागतो. दूध पातेल्याला लागतं. दादर सोडलं की माटुंगा लागतं. तो माझा मावसदीर लागतो. नव्या सुनेला मुंबईचं पाणी लागतं. बोललेलं मनाला लागतं. आणि रविवार असला तरी मार्च अखेरीला ऑफिसला जावं लागतं. यातला एकही अर्थ तुम्ही पाठ केलेला नाही. शेजारी भूक आली की लागणे काय करतं आणि निकाल आला की काय करतं, हे कानानेच शिकवलं. आता परळच्या एखाद्या टॉवरमध्ये नव्याने राहायला आलेल्या तमिळ किंवा बंगाली बाईंना कोणी मराठी शिकवत असेल आणि 'लागणे म्हणजे चिकटणे' असं वहीत लिहून देत असेल, तर त्यांची जी गत होईल तीच तुमची गेटपाशी झाली. म्हणजे असा शब्द पेलण्याची ताकद तुमच्यात आधीपासून आहे. ती इंग्रजीकडे वळवायची आहे.

वळवायची कशी? गेटचा अर्थ गेटमध्ये शोधू नका, त्याच्या पुढे काय आलंय ते वाचा.

पुढे एखादी वस्तू आली तर बाईंचाच अर्थ: मिळणे, घेणे, आणणे. 'आय गॉट अ लेटर', पत्र मिळालं. 'गेट सम मिल्क ऑन द वे', येताना दूध आण. पुढे ठिकाण आलं तर पोचणे: 'व्हेन डिड यू गेट होम?', घरी कधी पोचलात? 'आय गॉट टु द ऑफिस ॲट टेन', दहाला ऑफिसला पोचले. होमच्या आधी 'टु' येत नाही, ऑफिसच्या आधी येतं, एवढं लक्षात असू द्या.

पुढे विशेषण आलं तर होणे. इथे आपली भाषा श्रीमंत आहे, म्हणूनच आपण अडखळतो. आपल्याकडे दमणे, भिजणे, चिडणे, घाबरणे, कंटाळणे ही सुटी, नेमकी क्रियापदं आहेत. इंग्रजी बोलणारा रोजच्या बोलण्यात त्या सगळ्यांसाठी गेट वापरतो आणि पुढे स्थिती सांगणारा शब्द ठेवतो: गेट टायर्ड, गेट वेट, गेट अँग्री, गेट स्केअर्ड, गेट बोअर्ड. 'इट्स गेटिंग लेट', उशीर होतोय. 'इट्स गेटिंग डार्क', अंधारायला लागलंय. आजारी माणसाच्या कार्डावरचं 'गेट वेल सून' याच घरातलं: लवकर बरे व्हा. 'शी गॉट मॅरिड' म्हणजे तिचं लग्न झालं. कोणाशी हे सांगताना आपण मराठीच्या 'शी'मुळे 'मॅरिड विथ' म्हणून बसतो, तिथे 'मॅरिड टु' हवं. 'वी गॉट लॉस्ट' म्हणजे आम्ही रस्ता चुकलो, पण कोणी तुमच्याकडे बघून नुसतंच 'गेट लॉस्ट' म्हणाला तर तो चालते व्हा म्हणतोय.

पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं तर आपल्या बाबतीत काहीतरी घडलं, बहुतेकदा आपण न ठरवता. 'माय फोन गॉट स्टोलन', फोन चोरीला गेला. 'वी गेट पेड ऑन द फर्स्ट', आमचा पगार एक तारखेला होतो. मराठीत पगार 'होतो' आणि पाकीट 'जातं'. करणारा पडद्याआड राहतो. इंग्रजीत ते काम गेट करतं.

आता तुमच्या सहीकडे येते. हा भाग सावकाश वाचा, कारण ऑफिसात सर्वांत जास्त हाच लागतो. गेट, मग वस्तू, मग तिसरं रूप, अशी रांग दिसली की मराठीत मनातल्या मनात 'करून घेणे' म्हणा. 'आय गॉट माय ब्लाउज स्टिच्ड', ब्लाउज शिवून घेतला. 'गेट युअर हेअर कट', केस कापून घे. 'गेट द गॅस चेक्ड', गॅस तपासून घे. ब्लाउज शिंपी शिवतो, केस न्हावी कापतो, गॅस एजन्सीचा माणूस तपासतो. आपण ते काम होईल असं बघतो. 'कॅन यू गेट धिस साइन्ड?' म्हणजे यावर सही घेऊन याल का. सही कोणाची, हे साहेबांनी गृहीत धरलं होतं. ते त्यांनी स्पष्ट सांगायला हवं होतं. पुढच्या वेळी बिनधास्त विचारा, 'बाय हूम, सर?' हा प्रश्न अडाणीपणाचा नाही, जबाबदार माणसाचा आहे. अकाउंट्समध्ये चुकीच्या जागी पडलेल्या सहीपेक्षा एक प्रश्न कधीही बरा.

माणूस मध्ये आला तर रांग थोडी बदलते. 'गेट हिम टु साइन', त्याच्याकडून सही करवून घ्या. इथे 'मेक' वापरलं असतं तर करायला लावणं, भाग पाडणं झालं असतं, आणि मग 'टु'ही नसता आला: 'मेक हिम साइन'. गेटमध्ये पटवणं आहे, चार वेळा फोन करणं आहे, मागे लागणं आहे. वसुलीचं काम तुमच्याकडे असेल तर हा फरक कामाचा ठरेल. 'आय गॉट देम टु पे' या वाक्यात तुमची सगळी मेहनत दिसते.

गेटच्या पुढे थेट 'टु' आणि क्रियापद आलं तर मराठीतला जुळा प्रयोग तयारच आहे: करायला मिळणे. 'आय गॉट टु सी द सी फ्रॉम माय डेस्क', टेबलावरून समुद्र बघायला मिळाला. मात्र त्याआधी 'हॅव' जोडलं की संधीची सक्ती होते. 'आय हॅव गॉट टु गो', मला जावं लागेल. आणि नुसतं 'हॅव गॉट' असेल, तर रूप भूतकाळाचं दिसलं तरी अर्थ आजचा: आहे. 'हॅव यू गॉट चेंज?' म्हणजे सुट्टे आहेत का. 'आय हॅव गॉट टू डॉटर्स', मला दोन मुली आहेत. इथे 'मिळाल्या' असा अर्थ लावू नका.

'गॉट इट?' म्हणजे कळलं का. आपणही हेच करतो: 'माझा मुद्दा पकडलास का', 'डोक्यात घुसलं का'. समजणं म्हणजे काहीतरी हाती येणं, ही कल्पना दोन्ही भाषांत आहे. उत्तर 'येस, गॉट इट' किंवा 'सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट'. दुसरं वाक्य तोंडात बसवून घ्या. फोनवर परदेशातला माणूस भरभर बोलायला लागला की त्याच्याइतकं उपयोगी वाक्य नाही, आणि ते अगदी सभ्य आहे.

दोन शब्दांच्या जोड्या शब्दकोशात सर्वांत जास्त जागा खातात. त्या सगळ्या आत्ता नकोत. 'गेट बॅक टु मी' म्हणजे मला नंतर उत्तर कळवा, मेलने किंवा फोनने. उठून जायचं नाही. त्यावर 'आय विल गेट बॅक टु यू बाय फोर' असं वेळेसकट लिहिलंत की काम झालं. 'आय कुडन्ट गेट थ्रू' म्हणजे फोन लागला नाही. दे डोन्ट गेट अलाँग, त्यांचं पटत नाही. वी विल गेट बाय, भागेल आमचं. ही गॉट अवे विथ इट, त्याचं ते खपून गेलं. आणि कोणी 'व्हॉट आर यू गेटिंग ॲट?' असं विचारलं तर सावध व्हा, त्याला तुमच्या बोलण्याचा रोख खटकलाय.

गाडीत चढण्या-उतरण्याचं मात्र मुंबईकरांना नीट सांगायला हवं. लेडीज डब्यात सीट धरायला 'कुठे उतरणार?' विचारतात, त्याचं इंग्रजी आपल्याकडे 'व्हेअर आर यू गेटिंग डाऊन?' असं झालंय. इंग्लंडात तिथे 'गेट ऑफ' म्हणतील. आपलं 'गेट डाऊन' मला चूक वाटत नाही. इथे ते सगळ्यांना कळतं आणि लाखो लोक रोज ते बोलतात. फक्त परदेशी पाहुण्याला मेलमध्ये वाट सांगताना 'गेट ऑफ ॲट लोअर परेल' लिहा. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, म्हणजे बस, लोकल, बोट, विमान, तिथे गेट ऑन आणि गेट ऑफ. टॅक्सीत गेट इन आणि गेट आउट. हे 'गेट आउट' आपल्याला शिवीसारखं टोचतं, कारण आपल्याकडे ते घरातून हाकलतानाच ऐकलंय. टॅक्सीच्या संदर्भात त्यात अपमान नाही.

हा शब्द एवढा पसरला कसा, याचं कुतूहल तुम्हाला असेल असं वाटतं. तो मूळ इंग्लंडचा नाहीच. उत्तरेकडून समुद्रामार्गे आलेले स्कँडिनेव्हियाचे लोक इंग्लंडात वसले, त्यांच्या नॉर्स भाषेतलं 'गेटा' हे क्रियापद मिळवणे या अर्थाने इंग्रजीत रुजलं. त्याचा नातलग 'फर्गेट'मध्ये इंग्रजांकडे आधीपासून होता. पुढे १९३० साली सी. के. ऑग्डेन या इंग्रज अभ्यासकाने परभाषकांसाठी अवघ्या ८५० शब्दांची एक सोपी इंग्रजी मांडली. त्यात क्रियापदं फक्त १८ ठेवली, आणि त्या अठरांत गेटला जागा दिली. एवढ्या थोड्या क्रियापदांत व्यवहार भागवायचा तर गेट टाकून चालणारच नव्हतं. शब्दकोश फुगलेला दिसला म्हणूनही घाबरू नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट' या तीन अक्षरी शब्दाची होती, नुसत्या क्रियापदाचे अर्थ ४३०. इंग्रज माणूसही ते पाठ करत नाही.

उच्चाराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. देवनागरीत 'मिळणे'चा गेट आणि चर्चगेटमधला दरवाजाचा गेट आपण एकसारखेच लिहितो, आणि मग बोलतोही एकसारखेच. इंग्रजी कानाला ते दोन वेगळे शब्द आहेत. दरवाजावाल्यात 'ए' लांबवतात आणि शेवटी किंचित 'य'कडे झुकवतात. आपल्या गेटमधला 'ए' आखूड, झटकन तोडलेला. घरी आरशासमोर दोन्ही एकामागून एक म्हणून बघा.

लिहिताना थोडा हात आखडता घ्या. गेट बोलण्यातला, घरगुती शब्द आहे. बँकेला किंवा कस्टम्सला पत्र जात असेल तर 'वी हॅव रिसीव्ह्ड युअर लेटर' बरं दिसतं, 'वी गॉट युअर लेटर' सैल वाटतं. सहकाऱ्याच्या चॅटवर मात्र 'रिसीव्ह्ड' फार कडक होईल, तिथे 'गॉट इट, थँक्स' पुरे.

तर पाठांतर नको. एक छोटी वही करा. ऑफिसच्या मेलमध्ये, मीटिंगमध्ये, मुलीच्या बोलण्यात गेट भेटला की अख्खं वाक्य उतरवा, सुटा शब्द नको. खाली त्याचं तुमच्या तोंडचं मराठी लिहा, शब्दकोशातलं नव्हे: 'सही घेऊन या', 'फोन लागेना', 'खपून गेलं'. कळलं नाही तर इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला शब्दकोश बघा, मोठा नको. शिकणाऱ्यांच्या कोशात प्रत्येक अर्थाखाली पूर्ण वाक्य असतं, आणि तुम्हाला वाक्यच हवंय. मुलीची मदत जरूर घ्या. तिला मात्र सांगा की ऐकताना मध्येच दुरुस्ती करू नकोस, वाक्य पुरं होऊ दे.

राहिला 'गॉटन'. मुलीने शाळेत ब्रिटिश वळणाचं इंग्रजी शिकलंय, तिथे तिसरं रूपही 'गॉट'च, म्हणून तिला तो शब्द नाहीच असं वाटतं. पण 'गॉटन' जुना आहे. इंग्लंडात तो मागे पडला, अमेरिकेत टिकला, आणि 'इल-गॉटन', म्हणजे वाममार्गाने मिळवलेलं, या शब्दात इंग्लंडातही उरलाय. अमेरिकन माणूस दोन्ही वापरतो आणि त्यात फरक करतो. 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे गाडी मिळाली, घेतली. तेव्हा शिकागोहून 'वी हॅव गॉटन द शिपमेंट' असं आलं तर माल त्यांच्या हाती पडलाय असं समजा आणि बिल पाठवायला घ्या. उत्तरात तुम्ही 'गॉट' लिहिलंत तरी त्यांना काही खटकणार नाही.